शिळं पाणी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा या एका गोष्टीला बगल देऊन पुढे सरकते. मग तुम्हालाच का सांगते आहे? खरं सांगू — दमले आहे. पस्तावा वगैरे मोठा शब्द झाला. लपवून ठेवायचाच कंटाळा आला आहे.

तशी गोष्ट अगदी बारकी आहे. दोन कळशा पाण्याची. तुम्ही म्हणाल, एवढंच? मीही स्वतःला कितीदा तेच म्हणून पाहिलंय.

आमची बिल्डिंग दिघीत आहे. जुनी, तीन मजली, लिफ्ट नाही. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. नवरा चाकणला एका कंपनीत, सकाळी साडेपाचला कंपनीची बस. मी घरी पाचवी ते आठवीचे क्लास घेते. आमच्या बरोबर खाली, पहिल्या मजल्यावर, काळोखे राहायचे — वहिनी आणि अण्णा. दोघंही मूळचे महाळुंग्याकडचे. जमीन कंपन्यांत गेली, भावाभावांत वाटणी झाली, आणि अण्णांच्या वाट्याला आलं त्यातून हा फ्लॅट. मुलगा बाहेरगावी नोकरीला. अण्णा भोसरीच्या एका वर्कशॉपमधून निवृत्त झाले होते. कडक इस्त्रीचा शर्ट आणि खिशाला पेन, असा माणूस. पेनाचं काय करायचे देव जाणे, पण असायचं. मग त्यांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. समजायचं मात्र सगळं.

आता माझ्या एका सवयीबद्दल सांगते. तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मी पाणी ओतून देते. म्हणजे द्यायची. नळाला पाणी आलं की आदल्या वेळचं भरलेलं सगळं शिळं — हंडा, कळशा, बादल्या, पातेली, सगळं मोरीत उपडं करायचं. मग हंड्याला चिंच लावायची, लखलखीत घासायचा आणि ताजं भरायचं. आमच्याकडे दिवसाआड पाणी येतं. नळ फुसफुसायला लागला की माझे हात आपोआप बाथरूमकडे वळायचे. शिळं पाणी धो-धो खाली गेलं की कसं स्वच्छ वाटायचं मला. घरात ताजेपणा आला असं वाटायचं. हसू नका, आमच्या बिल्डिंगमधल्या निम्म्या बायका हेच करतात.

मी मूळची बीडकडची. त्यामुळे लोक आपसूकच म्हणतात, तुम्हाला पाण्याची किंमत ठाऊक असणार. आणि ठाऊक होतीच की! माझ्या आईच्या घरी तांदळाचं धुवण म्हशीला जायचं, भांड्यांचं पाणी पपईला, आणि हंड्याच्या तळाला उरलेलं चार दिवसांचं पाणीसुद्धा गाळून प्यायचो आम्ही. शिळं पाणी हा शब्दच तिथे नव्हता. तो मी इथे येऊन शिकले. इथे तेव्हा रोज पाणी यायचं, आणि शेजारणी ओतून द्यायच्या म्हणून मीही ओतायला लागले. ओतता येतं याचंच कौतुक वाटायचं. पुढे पाणी दिवसाआड झालं, सवय मात्र तीच राहिली. तेव्हा गरिबीला, दुष्काळाला मध्ये आणू नका. त्यांनी मला बरोबर उलटं शिकवलं होतं.

आणि दुपारी क्लासच्या मुलांना मी निबंध सांगायची — पाण्याची बचत. तोंडपाठ होता मला. दात घासताना नळ बंद ठेवावा, असं तिसऱ्या ओळीत यायचं.

तर तो आठवडा. मंगळवारी पाणी आलं होतं. गुरुवारी यायला हवं होतं, पण कुठेतरी पाइपलाइन फुटली आणि बिल्डिंगच्या ग्रुपवर निरोप आला, आता थेट शनिवारी. टँकरला फोन केला तर आमचा नंबर लागेना, सगळ्या दिघीलाच टँकर हवा होता. चाकणच्या बाजूच्या कुठल्या तरी विहिरीवरून भरून, डिझेल जाळत, वाटभर गळत ते येतात. त्या दिवशी तेही येईनात.

माझ्याकडे पाणी होतं. नीट ऐका — होतं. बाथरूममध्ये निळा ड्रम आहे आमच्या, भोसरीच्या भंगारवाल्याकडून आणलेला, माझ्या कमरेच्याही वर येणारा. तोवर बादल्यांतलंच वापरलं होतं, त्यामुळे तो काठोकाठ भरलेला होता. शिवाय स्वयंपाकघरात हंडा, दोन कळशा. आम्ही माणसं दोन. शनिवारपर्यंत आम्ही त्यात पोहलो असतो.

शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमाराला बेल वाजली. दारात काळोखेवहिनी, दोन्ही हातांत रिकाम्या कळशा. पदर खोचलेला, केस विस्कटलेले, डोळे लाल. रात्रीपासून अण्णांचं पोट बिघडलं होतं. चादरी धुऊन धुऊन घरातलं पाणी संपलं, आणि आता अंथरूण पुन्हा घाणीने भरलं होतं.

"ताई, दोन कळश्या पानी आसंल का? ह्यास्नी धुवायलासुदिक थेंब न्हाई घरात."

मी काय म्हणाले माहीत आहे? मी म्हणाले, "अहो वहिनी, आमच्याकडेही खडखडाट आहे."

का म्हणाले? इतकी वर्षं मी याचं उत्तर शोधते आहे. एकीला दिलं की सगळ्या येतील, असं वाटलं का? शनिवारी नाहीच आलं तर, अशी भीती होती का? असेल थोडं थोडं. पण तेव्हा तसं काही मनात आल्याचं आठवत नाही. तोंडातून आलं, एवढंच. पाणी मागितलं की नाही म्हणायचं, जसं दारावर विक्रेता आला की म्हणतो. आणि म्हणता म्हणता मी दारात जरा आडवी झाले. बाथरूमचं दार उघडं होतं, ड्रम दिसला असता. तेवढं मात्र नीट सुचलं मला.

वहिनी म्हणाल्या, "आसू द्या, तुमी तरी कुठनं देनार." उलट त्यांनाच वाईट वाटलं, मला अवघडवलं म्हणून. मग म्हणाल्या की भोसरीला बहिणीकडे बोअर आहे, तिथून रिक्षाने कॅन भरून आणते, तोवर तासभर अण्णांपाशी बसाल का?

मी लगेच हो म्हटलं. फार लगेच. बसायला काय लागतं?

खाली गेले. पलंग भिंतीला लावलेला होता, बाथरूमकडच्या भिंतीला. अण्णा त्यावर पडलेले, अंगावर जुनं लुगडं पांघरलेलं. खोलीत वास होता, उदबत्ती लावूनही. मी खुर्ची ओढून बसले आणि काहीतरी बोलत राहिले — आज ऊन फार आहे, रस्त्याला गर्दी असेल, येतीलच वहिनी. अण्णांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि चांगला हात भिंतीवर टेकवून तोंड तिकडे फिरवून घेतलं. इस्त्रीचा शर्ट घालणारा माणूस. परक्या बाईसमोर तसं पडून राहायचं. मी त्यांच्या पाठीकडे बघत बसले होते, आणि माझ्या डोक्यावर, बरोबर एक स्लॅब सोडून, तो ड्रम उभा होता.

उठून दोन बादल्या आणता आल्या असत्या. जिन्याच्या वीस पायऱ्या. खोटं उघडं पडलं असतं, इतकंच. म्हटलं असतं, नवऱ्याने बाजूला भरून ठेवलं होतं, मला माहीत नव्हतं. अशा थापा तर मला छान जमतात. मी उठले नाही.

तासाचे दोन तास झाले. आळंदी रोडला गाड्या तुंबल्या होत्या. वहिनी आल्या त्या घामाने भिजून, खाली रिक्षा चालूच ठेवलेली, आणि एकेक कॅन पोटाशी धरून वर आणत होत्या. एक कॅन मीही धरला. हो, धरला. चार कॅन पुरले नाहीत म्हणून दुपारी त्यांनी पुन्हा एक खेप केली. एका माणसाला स्वच्छ करायला दोनदा भोसरी. जाताना त्या माझा हात हातात घेऊन म्हणाल्या की तुम्ही होता म्हणून झालं. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं, मी दोन तास अण्णांपाशी बसले होते. तो म्हणाला, बरं केलंस.

शनिवारी सकाळी सव्वासहाला नळ फुसफुसला.

पुढचं तुम्हाला कळलंच असेल. ड्रममधलं पाणी चार दिवसांचं झालं होतं. शिळं. मी बादलीने उपसून ते मोरीत ओतलं. दहा बादल्या, आणि तळाचं ड्रम आडवा करून. मग हंडा, मग कळशा. हे करताना मला अण्णा आठवले का? नाही. शपथेवर सांगते, नाही आठवले. हात चालत होते. हंडा घासून झाला तेव्हा आठवले, आणि मी चहा ठेवला.

त्याच वर्षी गणपतीत सोसायटीने पाणी बचतीची स्पर्धा ठेवली. मुलांकडून निबंध लिहून घेतले, जिन्यात पाट्या लावल्या म्हणून माझा सत्कार झाला. शाल आणि नारळ. बिल्डिंगमधल्या ज्येष्ठ म्हणून तो काळोखेवहिनींच्या हस्ते. त्यांनी शाल नीट दोन्ही खांद्यांवर बसवली, हळदीकुंकू लावलं, हसल्या. मीही हसले. फोटो आहे अजून.

फाल्गुनात अण्णा गेले.

दहाव्यानंतर मी वहिनींकडे बसायला गेले, सकाळी लवकरच, डबा घेऊन. त्या पलंगावर बसल्या होत्या, मी त्याच खुर्चीत. आणि एकदम भिंतीत आवाज सुरू झाला. धो-धो, मग थांबला, मग पुन्हा धो-धो. पलंगाच्या उशापासून हातभर अंतरावर. इतका जवळ की मी दचकले. सांडपाण्याचा पाइप त्या भिंतीतून जातो. वर आमच्याकडे नवऱ्याला सुट्टी होती आणि नळ आला म्हणून, मी जे करते तेच तो माझ्यासाठी करत होता.

वहिनींनी भिंतीकडे पाहिलं. सहज म्हणाल्या, "आज नळ आला वाटतं. तुमच्याकडनं असं वतायला लागलं, की आमाला कळायचं. ह्यांला तर माज्या आदी. बोलता येत न्हवतं, तर भिताडाकडं बोट करायचे — ऊठ, पानी आलं. मी मोजायची बादल्या, हसायचे हे."

आवाजात काही नव्हतं. टोमणा नव्हता, राग नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, डबा उघडून झाकण बाजूला ठेवलं. भिंत वाजतच होती.

म्हणजे त्या शनिवारीही वाजली होती. आदल्या दिवशी खडखडाट असलेल्या घरातून, नळ आल्या आल्या. दहा बादल्या, मग ड्रमच्या तळाचं, मग हंडा, मग कळशा. अण्णांनी बोट केलं असेल. वहिनींनी मोजलं असेल. मग कधीतरी मोजायचं थांबून एकमेकांकडे पाहिलं असेल, की नसेल? आणि नंतर गणपतीत त्यांनी ती शाल माझ्या खांद्यावर नीट बसवली.

मी डब्यातलं त्यांना वाढून दिलं. वर्षभरात वहिनी मुलाकडे राहायला गेल्या. जाताना तुळशीची कुंडी मला देऊन गेल्या.

आता मी पाणी ओतत नाही. यात माझं कौतुक काही नाही, मला तो आवाज सोसत नाही इतकंच. ड्रममधलं शिळं पाणी संपेपर्यंत वापरते, तळ लागला की मगच ताजं भरते. खाली आता एक नवं जोडपं राहतं. त्यांचाही पलंग त्याच भिंतीला आहे.