रोजचं गिऱ्हाईक

पोरीच्या लग्नाचं बोलायला खानापूरचे पाव्हणे आले, तवा मी त्यांस्नी रामनगरातल्या नव्या जपानी-कोरियन हाटेलात नेलो. वाटेत उगंच थाप मारलो, "आमी हितं रोजच जेवतो." त्या हाटेलचा उंबरा बी मी कधी बघितला नव्हता.

वाढणारी बाई आमच्याच भागातली. कपाळावर कुंकू, अंगात काळा जपानी डगला. ती आमच्यापुढं कमरेत वाकली. तिचं काय तरी पडलं म्हणून मी बी वाकून टेबलाखाली शोधलो. काम करताना तिचा हात सारखा कमरेला जायचा, नसलेला पदर खोचायला.

तिनं शेवयांच्या ताटल्या आणि खायच्या काड्या ठेवल्या. पाव्हणे माझ्या हाताकडं बघत बसले, काड्या कशा धरतात ते शिकायला. मी उचललेली पहिली शेवई माझ्या शर्टावर पडली, दुसरी त्यांच्या.

"रोज जेवताय न्हवं?" पाव्हणे म्हणाले.

सोयरीक गेली म्हणून समजलो.

तेवढ्यात ते ऐकून बाई आली आणि माझ्या हातातल्या काड्या काढून घेतली. "दादा, आज हे काय? रोजच्यासारखं हातानंच जेवा की."

माझंच खोटं, पर ती माझ्यापेक्षा चांगलं बोलली.

"बाई, माझ्या बी काड्या न्या," म्हणत पाव्हण्यांनी बाह्या सारल्या. सोयरीक तिथंच ठरली.

त्या बाईचं नाव मला आजबी ठाऊक न्हाई. विचारणार होतो, पर पाव्हणे शेजारीच बसलेले. रोजच्या गिऱ्हाइकाला नाव ठाऊक नसतंय व्हय?