फादरांच्या कबरीची माती

पुवाच्या वासाने माझं काही बिघडत नाही. मुंबईच्या इस्पितळात नर्स म्हणून जन्म काढला, किळस तिथेच जिरली. ती परत आली फादर गेल्यावर, त्यांच्या कबरीपाशी. लोक मूठमूठ माती रुमालात बांधून घरी नेत होते.

फादर निवृत्त झाल्यावर आमच्या गावच्या चर्चमागे एका खोलीत राहायचे. दर मंगळवारी चर्चच्या पडवीत बाकडं टाकून जखमांचं ड्रेसिंग करायचे. राजोडीच्या मासेवाल्या यायच्या, कामणच्या गोदामांतले हमाल यायचे. आमचं घर वाडीवाल्या हिंदूंचं, चर्चशी माझा संबंध नाताळच्या केकपुरता. पण पेन्शनीत निघाल्यावर मी त्यांच्या मदतीला जायला लागले. माणूस तापट. कोणी हाताचं चुंबन घ्यायला वाकलं की म्हणायचे, "सोड हात, ग्लोव्ह घालायचाय." प्रार्थना सगळ्यात शेवटी. "आधी केली तर अर्धे जण आमेन म्हणून घरी जातात," असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. जखम हाताबाहेरची वाटली तर त्या माणसाला रिक्षात घालून स्वतः माणिकपूरला डॉक्टरकडे न्यायचे, आणि वाटेत असे झापायचे की रिक्षावाल्याला कीव यायची.

एकदा एका हमालाच्या पायातून अळ्या निघाल्या. तो लाजेने रडायला लागला. फादर चिमट्याने एकेक अळी काढत त्याला गावच्या भाताबद्दल विचारत राहिले. थोड्या वेळाने तो माणूस रडणं विसरून बियाण्यावरून त्यांच्याशी वाद घालत होता. मी मोठमोठे सर्जन पाहिलेत, पण असं कोणाला जमलेलं पाहिलं नाही. माझा फारसा कशावर विश्वास नाही, त्या माणसावर होता.

ते गेले, आणि महिना झाला नसेल तोच कोणाच्या तरी नातवाचा ताप कबरीची माती कपाळाला लावून उतरला म्हणे. ताप तसाही उतरतो. पण व्हॉट्सॲपवर फोटो फिरला आणि रविवारी विरारपासून गाड्या यायला लागल्या. मंगळवारी पडवीत मात्र मी एकटी बसून असायचे.

राजोडीची एक मासेवाली मावशी होती. तिला साखरेचा आजार, टाचेला जुनी जखम. फादरांनी ती वर्षभर राखून भरत आणली होती. ती यायची बंद झाली, म्हणून मी तिच्या घरी गेले. फडकं सोडलं तर आत माती लिंपलेली, पुवाने भिजून काळी पडलेली. त्यात मेणबत्तीचं मेण आणि झेंडूची कुजकी पाकळी. मला उमासा आला.

"मावशी, हे काय करून ठेवलंस?"

"बाय, फादरांची माती हाय. धुवू नको, पुन्य जाईल." तिने पाय ओढून घेतला.

"पाय जाईल. ऊठ, माणिकपूरला चल."

तिची सून दारातून म्हणाली, "देव तारी त्याला कोण मारी." मी म्हटलं, "तारायलाच त्याने डॉक्टर दिलेत, रिक्षा बोलाव." दोघीही हलल्या नाहीत.

तशीच उठून चर्चच्या समितीकडे गेले. कबरीला कुंपण घाला, म्हटलं. समितीतले एक गृहस्थ हसले. "लोकांची श्रद्धा आहे, मॅडम. आणि गर्दीने आपल्या चर्चचं नाव होतंय." ज्या माणसाने आयुष्यभर लोकांना डॉक्टरकडे हाकललं, त्याचीच माती हे जखमांत भरू देत होते, वर नावाचा हिशेब. त्या गृहस्थांच्या इस्त्रीच्या शर्टाचीही मला शिसारी आली. मावशीकडे रोज जात राहिले. ती तयार झाली तेव्हा काळेपणा घोट्याच्या वर चढला होता. पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

फादरांना जाऊन वर्ष झालं, त्या दिवशीच्या मिस्सेनंतर, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेनंतर, मांडवात साक्षी झाल्या; फादरांमुळे काय गुण आला ते एकेक जण माइकवर सांगत होता. समितीच्या त्याच गृहस्थांनी मावशीची चाकाची खुर्ची पुढे आणवली. "पाय गेला, पण फादरांनी हिचा जीव राखला," ते माइकवर म्हणाले. उचलली जीभ लावली टाळ्याला. मग माइक तिच्यापुढे धरला.

मावशीने तो तोंडाजवळ ओढला. मग म्हणाली, "फादर जिते असते तं माझा पाय ऱ्हायला असता."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बऱ्याच जणांनी डोळे पुसले. मी पुढे होऊन तिची खुर्ची ढकलत मांडवाबाहेर काढली. फाटकापाशी एका अनोळखी बाईने आम्हाला थांबवलं आणि कागदात बांधलेली मातीची पुडी मावशीच्या मांडीवर ठेवली.

"दुसऱ्या पायासाठी," ती म्हणाली.