सीडी प्लेअर त्याने बिघडवला नव्हता

आमच्या भागात चांगला आवाज म्हणजे मोठा आवाज. वरातीत छाती हादरली, घरावरचे पत्रे थरथरले की माणसं खूश. सप्ताहातही तेच. कर्णे चारी दिशांना बांधायचे, भजन शिवारातल्या शेवटच्या आखाड्यावरच्या गोठ्यापर्यंत पोचलं पाहिजे. मंडपात बसलेल्याला बुवांचा एक शब्द कळला नाही तरी चालतं. या लोकांना मी आयुष्यभर हसत आलो. मी शाळामास्तर, शिवाय भजनी मंडळात चाळीस वर्षं पखवाज वाजवणारा. गावात कान असलेला माणूस मी एकटाच, असा माझा समज होता, आणि तो मी लोकांकडूनही वदवून घेत असे. त्या कानाच्या जोरावर मी एका चांगल्या कारागिराची रोजी घालवली. ते आता लिहून ठेवतो.

नांदूरघाटला त्याचं दुरुस्तीचं दुकान होतं. घर मेंढपाळाचं. तो मात्र बीडला जाऊन रेडिओ-टीव्हीचं काम शिकून आला होता. सप्ताह जवळ आले की आसपासच्या गावांचे ॲम्प्लिफायर त्याच्या बाकावर रांगेने दिसायचे. लहानपणी कळपात झोपताना नुसत्या घंटांवरून कोणतं मेंढरू बाजूला गेलंय ते आपल्याला कळायचं, असं त्याने मला एकदा सांगितलं होतं. मी ते मंडळात हसण्यावारी नेलं.

आमच्या मंडळाची एक सीडी निघाली होती. बीडला एका हॉलमध्ये दिवसभर बसून ती केली आणि घरोघर वाटली. माझ्या घरी मुलीने दिलेला जुना सीडी प्लेअर होता. त्यावर ती लावून मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचो. म्हणजे स्वतःचा पखवाज ऐकवायचो. एकदा तो मेकॅनिक वायरिंगच्या कामाला घरी आला होता. त्याने हातातलं काम सोडून शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाला, यंत्र चांगलं आहे, पण आवाज आतच अडकतोय, पंधरा दिवस माझ्याकडे ठेवा. मी ठेवला. म्हटलं, बघू तरी काय दिवे लावतो.

त्याने काय केलं ते मला नंतर कळलं. आतले जुने कॅपॅसिटर वाळून गेले होते, ते काढून नवे बसवले. जिथून आवाज बाहेर पडतो तिथली स्वस्तातली आयसी काढली आणि चांगली आणवून घातली. मोटर आणि आवाज दोन्ही एकाच ट्रान्सफॉर्मरवर चालत होते. त्याने आवाजाला स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर दिला. झाकण थरथरू नये म्हणून आतून सायकलच्या ट्यूबचे तुकडे चिकटवले. सोल्डरिंगचा डाख असा दिला होता, की कंपनीच्या कामातही तसा दिसत नाही. काढलेले भाग त्याने एका पत्र्याच्या डबीत जपून ठेवले होते.

प्लेअर घेऊन तो आला, त्या दुपारी अख्खं मंडळ देवळात जमलं होतं. त्याने सीडी लावली. पहिल्या ओळीलाच माझ्या अंगावर काटा आला. एरवी टाळांचा नुसता खणखणाट व्हायचा. आता कोण बुवांच्या उजवीकडे बसला होता आणि कोण मागे, ते कळत होतं. बुवा ओळीच्या आधी श्वास घेतात तो ऐकू येत होता. आणि पखवाज. जुन्या आवाजात माझी डावी बाजू म्हणजे एक धप्प होतं. आता ती बोलत होती.

शेवटच्या गजराला ती काय बोलली ते सांगतो. पखवाजाच्या डाव्या तोंडाला, धुमेला, ओली कणीक लावतात. कणीक वाळली की धूम वर चढते, पोकळ वाजते. वाजवणाऱ्याने मध्येच पाण्याचा हात फिरवायचा किंवा नवी कणीक लावायची, हे शिकाऊ माणसालाही माहीत असतं. त्या दिवशी बीडच्या हॉलमध्ये मधल्या सुट्टीत मी चहा पीत, आपण कसे तयारीचे आहोत ते ध्वनिमुद्रण करणाऱ्याला ऐकवत बसलो होतो. कणकेकडे पाहिलंही नाही. गजरात धूम चढली, मी सावरायला गेलो आणि लय सुटली. बुवांनी टाळाने ती ओढून आणली. जुन्या प्लेअरच्या गदारोळात हे सगळं बुडून गेलं होतं, आणि मीही स्वतःला ते विसरायला लावलं होतं.

गजर संपला. तेवढ्यात तो हलक्या आवाजात, कसलाही डाव नसताना, मला म्हणाला, "गुर्जी, इथं डावी चढलीय न्हाई का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. हो म्हणायला एक अक्षर लागलं असतं. मी म्हणालो, "वाटोळं केलंस यंत्राचं. पहिला आवाज कसा गोड होता. मेंढरामागं फिरणाऱ्यांनी पखवाजातलं सांगायचं का आता आम्हाला?"

मंडळ हसलं. एक टाळकरी मागून म्हणाला, "ह्याला घंटा ऐकू येत्यात बे, घंटा." पुन्हा हसले. ज्यांना पखवाज आणि पिंप यातला फरक कळत नव्हता, तेसुद्धा मान हलवत म्हणाले, की खरंच, आवाज फाटतोय. बुवांना खरं ठाऊक होतं. ते चष्मा पुसत बसले.

तो एवढंच बोलला, "मी त्यात काय घातलं न्हाई, गुर्जी. जे व्हतं तेच हाय."

मी त्याला सगळे जुने भाग परत बसवायला लावले. त्याने डबी उघडून एकेक भाग होता तिथे बसवला आणि प्लेअर आणून दिला. मंडळासमोर मी सीडी लावली आणि म्हणालो, आता बरोबर झालं.

त्या वर्षीच्या सप्ताहाला आमचा ॲम्प्लिफायर केजला दुसऱ्या मेकॅनिककडे गेला. बाकीच्या गावांनी कारण विचारलं, आमच्यातल्यांनी सांगितलं: तो चांगलं यंत्र बिघडवतो, गुर्जींनी स्वतः पारखलंय. दोन वर्षांत त्याचा बाक रिकामा झाला. मग दोन हंगाम तो मेहुण्याच्या टोळीबरोबर ऊस तोडायला गेला. आता मोबाईलच्या काचा आणि कव्हरं विकतो. हे सगळं मला कळत होतं आणि मी पखवाज वाजवत होतो.

बुवा गेले. त्यांच्यानंतर ती गोष्ट ठाऊक असलेले मी आणि तो, दोघंच उरलो, हे लक्षात आल्यावर मला जेवण जाईना. गेल्या महिन्यात त्याच्या दुकानी गेलो. कव्हरांच्या माळांमागे बसला होता. त्याने स्टूल दिलं. मी सगळं सांगितलं: कणीक, चहा, लय. त्याने ऐकून घेतलं.

"हे मला कावून सांगता? मला तवाच ठावं व्हतं," तो म्हणाला. "मंडळाला सांगा."

एकादशीला भजन संपल्यावर मी उभा राहिलो आणि सांगितलं. काही जण कंटाळून उठलेही. बहुतेकांना तो प्लेअर आठवतच नव्हता. सीडी आता कुणाच्या घरात वाजते? पण तो यंत्रं बिघडवतो, हे मात्र झाडून सगळ्यांना पाठ होतं. तो घंटेवाला टाळकरी आता मंडळाचा अध्यक्ष आहे. म्हणाला, "असंल गुर्जी, तुमी म्हणता तर असंल. पण आपला ॲम्प्लिफायर त्याच्याकडं नको. सप्ताह तोंडावर हाय, कावून धोका घ्यायचा?"

मी म्हणालो, मग पखवाजालाही दुसरा माणूस बघा. वाटलं होतं, गडबडतील. अध्यक्ष म्हणाला, बघू की. चाळीस वर्षांची किंमत एका वाक्यात कळली. ज्यांच्या हसण्यासाठी मी एका माणसाला तोंडघशी पाडलं, ते हे लोक.

त्याच्याकडेच नेतो म्हणत ॲम्प्लिफायर मीच देवळाच्या खोलीतून बाहेर काढला. कोणी अडवलं नाही, कोणी हातही लावला नाही. दुसऱ्या दिवशी रिक्षाने नांदूरघाटला नेला आणि त्याच्या काउंटरवर ठेवला. त्याने तो हाताने फिरवून पाहिला, पण उघडला नाही.

"मंडळाला ठावं हाय का, कुणाकडं आणलाय ते?"

"सांगून आणलाय."

"मग काय म्हणले?"

"नको म्हणाले," मी म्हणालो.

मग त्याने कव्हरांच्या दोन माळा बाजूला सारल्या, काउंटर हाताने पुसला आणि झाकणाचा पहिला स्क्रू सैल केला.