चिठ्ठीतली ‘शिक्षा’

निजामी अंमलाच्या शेवटच्या वर्षांत नांदेडला आमची एक लहानशी खाजगी शाळा होती. वयाने थोर म्हणून तिचे प्रमुखपद माझ्याकडे आले. योग्यतेने आले असे म्हणण्याचे धैर्य मला आजही होत नाही. पाठशाळेत बारा वर्षे मी गुरूंपुढे मान खाली घालून बसलो होतो. दुसऱ्याची चूक त्याच्या तोंडावर कशी सांगावी, हे मात्र तेथे कोणी शिकवले नव्हते.

शाळेची परवानगी दरसाल तालीमात (शिक्षण) खात्याच्या मुआयन्यावर, म्हणजे तपासणीवर, अवलंबून असे. त्या वर्षी मुआयना आठ दिवसांवर आला आणि माझी झोप उडाली. कारण आमचे गणिताचे मास्तर. नायगावकडच्या शेतकरी घरातले, मनाने निर्मळ, मुलांना जीव लावणारे; पण मूल उत्तर देताना क्षणभर अडखळले, की ते उत्तर स्वतःच देऊन मोकळे होत. मुले त्यांच्या ओठांकडे पाहत राहत. तपासनिसांसमोर वर्ग असाच मुका राहिला, तर शाळेला कुलूप लागणार हे उघड होते.

समोर बोलण्याचा धीर होईना. पूजेतही मन लागेना. एकदा तर देवाला वाहायची तुळस गंधाच्या वाटीत पडली. शेवटी चिठ्ठी लिहिली: ‘आपल्या अध्यापनात एक दोष दिसतो. उद्या शाळा सुटल्यावर शिक्षेकरिता माझ्याकडे यावे.’ संस्कृतात शिक्षा म्हणजे शिकवण. वेदांचे उच्चार शिकवणाऱ्या शास्त्राचे नावही तेच. त्याच अर्थाने मी तो शब्द योजिला, आणि तो सौम्य आहे असे वाटून मला समाधानही झाले.

दुसऱ्या दिवशी मास्तर शाळेतच आले नाहीत. दुपारपर्यंत वाट पाहून मी त्यांच्या बिऱ्हाडी गेलो. ते वळकटी बांधत होते.

“या शास्त्रीबुवा,” न उठताच ते म्हणाले. “छडी संगं आणली, का मीच तोडून देऊ?”

“कसली छडी, मास्तर?”

त्यांनी चिठ्ठी माझ्यापुढे धरली. “सहा वर्सं झाली शिकवून राहिलो. शिक्षा कशापायी, ते तरी सांगा.”

माझ्या तळव्यांना घाम सुटला. मी शब्दाची व्युत्पत्ती सांगू लागलो.

“ते तुमच्या पोथीत असंल. आमच्यात शिक्षा म्हंजी शिक्षाच. आन् चिठ्ठी वाचून मला जे वाटलं, ते—”

“अपमान वाटला, हे मी जाणतो.”

“न्हाई! भ्या वाटलं. बोलू तर द्या की!”

जी खोड दाखवायची होती, ती त्यांच्यासमोर मीच केली होती. तसे सांगूनच टाकले. “मास्तर, दोष हाच. मूल थांबले की तुम्ही बोलता. आणि आत्ता मीही तेच केले.”

त्यांनी वळकटीच्या दोरीची गाठ चाचपली. “हाव, करतो मी तसं,” ते म्हणाले. “पोरगं अडलं की माझाच जीव वर-खाली होतो. पण हे असं साधं लिहायचं की, बुवा! मी तर गावाकडं निरोप धाडून बसलो.”

वळकटी सुटली. माझी काळजी मात्र सुटली नाही.

मुआयन्याच्या दिवशी तपासनिसांनी एका मुलाला सतराचा पाढा उलटा म्हणायला सांगितला. मुलगा मध्येच अडला. मास्तरांनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले होते. मी मनात नामस्मरण करीत होतो. शेवटी उत्तर आले. चुकीचे आले, मग मुलाने आपणच ते सुधारले.

तपासनिसांनी शेरा उर्दूत लिहिला. मला ती लिपी येत नव्हती, मास्तरांना येत होती. “परवानगी कायम,” एवढे वाचून ते थांबले.

“पुढे असेल तेही वाचा.”

“तुमच्याबद्दल हाय.”

“तरीही.”

“सदर मुदर्रिसांनी, म्हंजी हेडमास्तरांनी, तुम्ही, आपली घाबरगुंडी मुलांना दाखवू नये.”

“मास्तर, हे खरे आहे का?”

ते बोलेनात. मी थांबलो.

“हाव, शास्त्रीबुवा. तुम्ही वर्गात आला की पोरं फळ्याकडं न्हाई, तुमच्या कपाळावरच्या घामाकडं बघत्यात.”

मी उपरण्याने कपाळ पुसले आणि विचारले, “केव्हापासून?”