काचेच्या पेटीतला तराजू

प्रवेशाच्या कागदपत्रांची तपासणी होईपर्यंत पालकांनी बाहेर थांबायचं होतं, म्हणून मी त्या जुन्या तंत्रमहाविद्यालयाचं विज्ञान संग्रहालय बघायला गेले. यादीतलं सगळं फाइलमध्ये होतं. शाखा कोणती घ्यायची, ते आत माझ्या मुलीला, सईला, एकटीलाच सांगायचं होतं. मला तिच्यासाठी संगणक हवा होता, तिला स्थापत्य.

काचेच्या पेटीतला जुना तराजू मी वाकून बघत होते. पेटीचं दार उघडं होतं.

"मॅडम, जरा मागं सरा," तिथले वयस्कर कर्मचारी म्हणाले. "श्वासानं काटा हलतोय."

"अहो, मी नुसती उभी आहे!"

"नुसत्या उभं राहण्यानंच हलतो तो. आमच्याकडं प्रयोगशाळेत वजन टाकलं की दार लावून हात मागं घ्यायचे. मग सरांचीसुद्धा जवळ यायची टाप नव्हती."

त्यांनी दार लावलं. महिनाभर मी सईला एकदाही नको म्हटलं नव्हतं. रोज संध्याकाळी फक्त तिच्या टेबलाशी जाऊन उभी राहत होते. माणूस गप्प असला तरी त्याचा श्वास चालूच असतो.

तेवढ्यात तिचा फोन आला. "आई, इथले सर विचारतायत, शाखा नक्की का म्हणून. काय सांगू?"

उत्तर अगदी जिभेवर होतं.

"तुला हवं ते सांग," मी म्हणाले, आणि तिनं पुढं काही विचारायच्या आत फोन ठेवला. असा तिचा फोन मी आजवर कधी ठेवला नव्हता.