दुसरी नळी

तार हातात पडली, तेव्हा ती उघडण्याआधीच मी आक्कासाठी रडून घेतलं. साखरेचं दुखणं आधी तिचं. इतकी वर्षं पथ्य तिचं, गोळ्या तिच्या, धास्ती तिची. तारेत मात्र भाऊजींचं नाव होतं... बीबीच्या बाजारात कापडाचं दुकान चालवणारे, मला कधी नावानं हाक न मारता ‘साळेबुवा’च म्हणणारे माझे भाऊजी झोपेतच गेले. खामगावहून बीबीला पोचेपर्यंत मी ती तार पुन्हा पुन्हा वाचत होतो. आता महिना उलटला, तरी मला ती खरी वाटत नाही.

रोज सकाळी चहाच्या आधी भाऊजी ओसरीवर स्पिरिटचा दिवा लावत. काचेच्या नळीत निळं औषध, त्यात आक्काच्या लघवीचे मोजके थेंब, मग नळी चिमट्यात धरून उकळायची. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं, विटकरी होत गेलं तर चढत गेली. डॉक्टरांनी शिकवलं ते एवढंच. पण माणूस कापडवाला, त्याचं एवढ्यावर कसं भागणार? नळी उजेडाकडे धरून, एक डोळा मिटून, लुगड्याचा रंग पारखावा तसे ते बघत आणि जाहीर करत, “आज मोरपंखी, साखर नाही. आज पोपटी, सांजले भात नको.” आत चुलीपाशी आक्का लाजेनं चूर. “हळू बोला ना, हे काय दुकान हाय?” बायकोची लघवी तपासणारा नवरा म्हणून गाव हसायचं. भाऊजींना त्याचं सोयरसुतक नव्हतं.

एका हिवाळ्यात मी गेलो, तर घर गप्प होतं. कितीतरी दिवस नळी विटकरीच निघत होती. त्याच्या थोडं आधी सगळे वावरात हुरडा खायला गेले होते, म्हणजे गूळही आलाच. भाऊजींनी घरातली गुळाची ढेप दुकानात नेऊन कुलपात ठेवली. आक्काला ते फार लागलं. मला म्हणाली, “म्या भाजून भाजून सगळ्यायले देल्ला रे. एक दाणा तोंडात टाकला नाही. ह्यायले काऊन पटत नाही?” डोळे काठोकाठ भरले होते तिचे. इतक्या वर्षांच्या संसारात तिचा शब्द पहिल्यांदाच खाली पडला होता. नळी खोटं बोलेल असं मला वाटत नव्हतं, आणि माझी बहीण तर मुळीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजींनी एकाऐवजी दोन नळ्या उकळल्या. दुसरी स्वतःची. दोन्ही विटकरी निघाल्या, तसा त्यांचा चेहरा खुलला. “साळेबुवा, औषधच बिघडलं! माही बी लालच. मले काय धाड भरली? तुमच्या बहिणीनं काही खाल्लं नव्हतं.” चहा न घेताच ते दुकानात गेले आणि ढेप खांद्यावर घालून भर बाजारातून घरी घेऊन आले. “चुकलं माहं,” आक्काला म्हणाले. त्या दिवशी चहा तिनं स्वतः ओसरीवर आणून दिला.

बाटली बदलायची, आक्कालाही दाखवून आणायचं, म्हणून आम्ही तिघं मोटारीनं मेहकरला गेलो. डॉक्टरांनी नळीत नुसतं औषध घेतलं आणि उकळलं. निळं ते निळंच. “औषध चांगलं आहे,” ते म्हणाले आणि आक्काला पाय पुढे करायला सांगितला. टाचेत बाभळीचा काटा मोडून बसला होता, आत पू झाला होता. हुरड्याच्या दिवशीच रुतलेला, आणि तिला कळलाच नव्हता. डॉक्टर म्हणाले, “या दुखण्यात पाय बधिर होतात. आणि जखम चिघळली, की पथ्य पाळूनसुद्धा साखर चढते.” आक्का खरी ठरली. तिनं भाऊजींकडे पाहिलं, आणि डॉक्टरांनीही पाहिलं. “आता तुमच्या नळीचं बोला.”

परतताना भाऊजी मोटारीत खिडकीशी बसले होते. मी धीर देऊ गेलो, तर म्हणाले, “बरं झालं ना माही बी तपासली. नाही त मेहकरले कोन आलं असतं? तिचा पाय गेला असता, अन् मी ढेपीले कुलूप लावत बसलो असतो.” स्वतःच्या दुखण्याबद्दल एक अक्षर नाही. असा माणूस मला पुन्हा कुठे भेटणार...

आक्काची टाच भरून आली. तेव्हापासून ओसरीवर रोज दोन नळ्या असायच्या. तिची ते बघत, त्यांची ती बघे. कोणाची मोरपंखी, कोणाची पोपटी यावरून दोघं भांडत, आणि हरलेल्याच्या ताटात कारल्याची भाजी जास्त पडे. शेवटच्या सकाळीही भाऊजींची नळी चांगली निघाली होती. त्यांचं हृदय थकलं होतं, ते त्या नळीत दिसणारं नव्हतं.

तेरावं झाल्यावर पाहुणे पांगले, मी मागे राहिलो. सकाळी स्पिरिटच्या वासानं जाग आली, आणि क्षणभर मला सगळं पूर्वीसारखंच वाटलं. ओसरीवर आक्का एकटी बसली होती. तिनं आपली नळी उकळली, पाहिली, बाजूला ठेवली. मग दुसरी घेतली. तीत नुसतं निळं औषध ओतलं, चिमट्यात धरलं आणि दिव्यावर उकळी येऊ दिली. मी दारातच थांबलो. तिनं ती नळी उजेडाकडे धरली, एक डोळा मिटला.

“पाह्य,” ती मला म्हणाली, “आज ह्यायची मोरपंखी हाय.”