अकरा नंबरचं रेडकू

सरुकाकूंच्या गोठ्याच्या जागेवर आता आमच्या इमारतीचं पार्किंग आहे. पुण्याजवळच्या मांजरी गावातली जमीन बिल्डरला दिली, तेव्हा काकूंच्या नऊ म्हशीही विकल्या गेल्या. बदल्यात सहाव्या मजल्यावरचा फ्लॅट मिळाला आणि छप्पन्नाव्या वर्षी हातांना काही काम उरलं नाही.

मी त्यांचा पुतण्या, राहायला तिसऱ्या मजल्यावर. २०१६च्या उन्हाळ्यात मी त्यांना मोबाइलवर झांबियातल्या एका केंद्राचे फोटो दाखवले. शिकाऱ्यांनी आई मारलेली जंगली पिल्लं तिथे वाढवून पुन्हा कळपात सोडत. जगभरातून लोक स्वखर्चाने कामाला येत. सकाळी पिल्लांचं बघायचं, दुपारी शेजारच्या गावातल्या शेतांना काटेरी कुंपण घालायचं. एका फोटोत रानम्हशीचं रेडकू होतं. काकू तो बोटांनी मोठा करून बघत राहिल्या.

"पोट आत गेलंय त्याचं," त्या म्हणाल्या. "दूध कोमट करीत नसतील."

"मग जाता का शिकवायला?" मी गमतीनं म्हणालो.

चार दिवसांनी त्यांनी मला वर बोलावलं. "तिथं जायचं तर काय काय लागतं?"

त्यांचा मुलगा बजरंग चहा पीत होता. "लोक आफ्रिकेत सिंह बघायला जातात," तो म्हणाला. "आमच्या मातोश्री म्हशी बघायला निघाल्या."

"सिंहाची धार काढता येत न्हाई," काकू म्हणाल्या. विषय तिथेच संपला.

अर्ज मीच भरला. केंद्राचे नियम कडक होते. पिल्लांना नाव ठेवायचं नाही, गोंजारायचं नाही, त्यांच्याजवळ तोंडातून आवाजसुद्धा काढायचा नाही. सगळ्यांनी एकसारखे करडे झगे घालायचे. मी खूश झालो. "काकू, तिथं बोलायचंच नाही. मग इंग्रजी कशाला लागतंय?" नियम मी मराठीत लिहून दिले. मूळ इंग्रजी पानावर त्यांच्याखाली कारण सांगणारा मोठा परिच्छेद होता: पिल्लाला माणसाच्या आवाजाची ओढ लागली, की सोडल्यावरही ते माणसांकडे परत येतं आणि मारलं जातं. कागद भरला होता. तेवढा परिच्छेद मी गाळला.

काकू एकट्या गेल्या. अदिस अबाबाला विमान बदलायचं होतं. तिथे त्या पाच तास एका खुर्चीवरून उठल्या नाहीत. खुर्ची सुटली तर विमानही सुटेल, असं त्यांना वाटत होतं.

दोन महिन्यांनी परत आल्या त्या उन्हानं रापून आणि खुशीत. आठवड्याभराचं एक मादी रेडकू त्यांच्या वाट्याला आलं होतं, नंबर अकरा. तीन दिवस त्यानं बाटलीला तोंड लावलं नव्हतं. डॉक्टरांनीही आशा सोडली होती. काकूंनी त्याला पाजलं आणि ते जगलं. कसं पाजलं, ते त्यांनी तेव्हा सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

त्यानंतर दर रविवारी त्यांचा एकच प्रश्न असे. "अकरा नंबर कळपात गेली का?"

"नाही अजून."

"कळपात गेली म्हंजी माझं काम झालं. तवर न्हाई."

२०१८च्या पावसाळ्यात ती कळपात गेली. केंद्रानं पाठवलेला फोटो काकूंनी फ्रिजवर चिकटवला. शेकडो काळ्या पाठींमधली तिची पाठ त्या येणाऱ्याजाणाऱ्याला बोट ठेवून दाखवत.

पुढच्या जानेवारीत ईमेल आला. मी लॅपटॉप घेऊन वर गेलो आणि एकेक वाक्य मराठीत सांगत गेलो. अकरा नंबर गावात शिरली होती. कुंपणाबाहेर एक बाई आपल्या शेळ्यांना हाक मारत होती, त्या आवाजावर ती धावत गेली. हल्ला करायला नव्हे, बाईच्या अंगाशी यायला. पण धडकेनं बाईचा हात मोडला. वनरक्षकांनी गोळी घातली. हे असं का झालं, कळत नाही, असं व्यवस्थापकांनी लिहिलं होतं. शेवटी त्यांनी काकूंना पुन्हा यायचं आमंत्रण दिलं होतं. शांतपणे काम करणारी अशी माणसं कमी मिळतात, म्हणून.

"शेळ्यांना ती बाई कशी हाक मारत हुती?" काकूंनी विचारलं.

मी पुन्हा बघितलं. "जीभ टाळूला लावून टकटक करत, असं लिहिलंय."

काकूंनी लॅपटॉप हातानं बाजूला सारला. मग म्हणाल्या, "आपल्यात बिनआईच्या रेडकाला कसं पाजत्यात, ठावं हाय का तुला? बोटाला मीठ लावून तोंडात द्यायचं. कानामागं खाजवायचं आन् टकटक करायचं. त्याबिगर त्ये तोंड उघडत न्हाई. कुणी जवळ नसलं की मी तसंच करायची. दोन म्हैने केलं." मग त्यांनी विचारलं, "आवाज का करायचा न्हाई, त्ये तू लिवलं नव्हतंस का रे?"

"नव्हतं."

त्या मला रागावल्या असत्या, तर बरं झालं असतं.

"त्यांना लिही. म्हणावं, आवाज मी करत हुते."

"कशाला? त्यांना कुठं माहितीय? तुम्हाला परत बोलावलंय त्यांनी."

"म्हणून तर लिही. पुढची बाई बी हेच करंल."

मी लिहिलं. कारण गाळलं ते मी, हेही लिहिलं. आठवड्यानं दोन ओळींचं उत्तर आलं. कळवल्याबद्दल आभार, ही गोष्ट यापुढे नव्या लोकांना सांगितली जाईल. आमंत्रणाचा उल्लेख नव्हता. काकूंनी ते उत्तर दोनदा वाचायला लावलं आणि पासपोर्ट कपाटात साड्यांच्या खाली सरकवला.

फोटो अजून फ्रिजवर आहे, पण त्यावर आता कुणी बोट ठेवत नाही.

रोज सकाळी काकू पार्किंगमध्ये उतरतात आणि तिथल्या दोन कुत्र्यांसाठी दूधभाकरीचं ताट ठेवतात. पूर्वी हाका मारमारून बोलवायच्या. आता ताट ठेवतात आणि कुत्री यायच्या आत लिफ्टकडे वळतात.